जुनी गाडी पिकअप घेताना दबते? टोकन देण्याआधी कारण शोधा

पाय दाबला की गाडी क्षणभर दबते आणि मग झटका देऊन सुटते. जुनी गाडी बघायला गेल्यावर असं झालं की समोरून उत्तर ठरलेलं असतं: "काय नाही ओ मालक, प्लगमध्ये कचरा आलाय. साफ करून देतो, मग बघा कशी पळते." हे खरं असू शकतं. पण हेच लक्षण तुंबलेल्या फिल्टरचं, फाटलेल्या टर्बो पाइपचं, जळालेल्या व्हॉल्व्हचं आणि थकलेल्या डिझेल इंजेक्टरचंही असतं. एकाचं काम काही शे रुपयांत भागतं, दुसऱ्यासाठी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. किमतीत पाच-दहा हजार सुटले म्हणून खूश होण्याआधी यातलं नेमकं काय आपल्या पदरात पडतंय, ते कळायलाच हवं.

काय बिघडलंय हे नंतर बघा; आधी गाडी कधी अडखळते ते पक्कं करा. थंड इंजिनवर की तापल्यावर? सपाट रस्त्यावर की चढाला? दोन हजार आरपीएमच्या खाली की तीन हजारांच्या वर? एसी लावल्यावर? फक्त गॅसवर (सीएनजीवर)? एवढी उत्तरं मिळाली तरी निम्मे संशयित गळून पडतात. सेकंड हँड गाडी तपासताना मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

काही गोष्टी बिघाड नसतातच, त्या आधी बाजूला काढू. एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) गाडी गिअर बदलताना डोकं पुढे झुकवते, तो तिचा स्वभाव आहे. १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन (स्विफ्ट डिझेलमध्ये असायचं तेच) दोन हजार आरपीएमच्या खाली सुस्त असतं आणि टर्बो जागा झाला की एकदम ओढतं. हे झटक्यासारखं वाटलं तरी दोष नव्हे. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थोडं थरथरणारच. आरपीएमचा काटा वर चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेली आहे, इंजिनाला दोष देऊ नका. आणि क्लच सोडतानाच गाडी धडधडत असेल, तर प्रेशर प्लेट किंवा इंजिन माउंटिंग बघा.

आता तपासणी. मालकाला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा: गाडी चालू करून ठेवू नका, मी आल्यावरच चावी मारायची. सकाळी सातची वेळ घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात अकरा वाजता उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट तसंही चटका देतं, त्यामुळे हात लावून इंजिन थंड आहे की गरम ते कळत नाही. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत या दोन आकड्यांत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसतो. कूलंट ६०-६५ अंश दाखवत असेल तर गाडी तुम्ही येण्याआधीच तापवून ठेवलेली आहे. तसं का केलं, ते विचारा.

स्कॅनर म्हणजे लाखाचं यंत्र लागत नाही. ओबीडीचं (गाडीच्या स्वतपासणीच्या यंत्रणेचं) साधं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असलं तरी सगळी माहिती मिळेलच असं नाही.

इंजिन चालू करण्याआधी फक्त चावी ऑन करा आणि पिवळा चेक इंजिनचा दिवा पेटतो का बघा. तो पेटला पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो, आणि तसं असेल तर पुढचं काही बघू नका. दिवा नीट असेल तर स्कॅनरवर साठवलेले आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) असे दोन्ही बिघाडाचे कोड वाचा. एकही कोड नाही म्हणून निश्चिंत होऊ नका; कोड पुसायला दहा सेकंद लागतात. पुसल्याचा पुरावा मात्र गाडीतच राहतो. 'रेडिनेस मॉनिटर' नावाची, गाडीने कुठल्या स्वतपासण्या पूर्ण केल्या ते दाखवणारी यादी उघडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर यांच्यापुढे 'अपूर्ण' दिसत असेल, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही सांगतात. तो आकडा १२ किंवा २० असेल आणि मालक म्हणत असेल की वर्षभर कशाला हात लावला नाही, तर दोन्हीपैकी मी आकड्यावर विश्वास ठेवीन. डॅशबोर्डचं घड्याळ चुकलेलं, रेडिओची स्टेशनं उडालेली असणं हीसुद्धा बॅटरी काढल्याची खूण.

चावी ऑन आणि इंजिन बंद असतानाच आणखी एक आकडा बघून घ्या. छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो ९५-९६ केपीए (किलोपास्कल, दाबाचं एकक) दाखवायला हवा. ८५ किंवा १०५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, आणि कॉम्प्युटर त्याच खोट्या आकड्यावर पेट्रोल सोडतोय. इंजिन तापल्यावर, एसी बंद ठेवून, आयडलला हाच आकडा ३० ते ४० च्या दरम्यान स्थिर हवा. पन्नासच्या आसपास लटकत असेल तर कुठेतरी हवा घुसते आहे, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी आहे किंवा टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकलं आहे.

आता चालू करा, पण रेस देऊ नका. पेट्रोल गाडी सुरुवातीला हजार-बाराशेवर फिरून हळूहळू ७००-८५० वर येते. पहिल्या मिनिटात इंजिन एका पायावर लंगडल्यासारखं चाललं आणि नंतर सुधारलं, तर ते विसरू नका. ठिबकणारा इंजेक्टर, जुने प्लग, किंवा हेड गॅस्केटमधून रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेलं कूलंट, तिन्ही शक्य आहेत. शेवटच्या प्रकारात पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो आणि कूलंटची टाकी उतरलेली असते. डिझेल गाडी सकाळी अडखळली की ग्लो प्लगचं (थंडीत सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचं) नाव पुढे केलं जातं. सोलापूरच्या हवेत ते मला सहसा पटत नाही. इथे डिसेंबरमध्येही बहुतेक सकाळी एवढा गारठा नसतो की निरोगी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन सुरू होताना रडावं. कॉम्प्रेशन, इंजेक्टर किंवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा, हे आधी तपासा.

सायलेन्सरच्या तोंडापाशी कागदाची एक पट्टी धरा. निरोगी इंजिन ती एकसारखी बाहेर ढकलतं. मधूनच फटका चुकत असेल तर एक सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात इंधन पेटणं मधूनमधून चुकतंय. आणि कागद मध्येच आत ओढला जात असेल तर जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असण्याची शक्यता मोठी आहे.

पेट्रोल गाडीत यापुढचा सगळ्यात बोलका आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते यात दिसतं. शॉर्ट (क्षणाचा) आणि लाँग (शिकून ठेवलेला) ट्रिम मिळून अधिक-उणे दहाच्या आत असेल तर ठीक. मॅपऐवजी हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला अधिक १८-२० आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ, तर कुठली तरी व्हॅक्यूम नळी फुटली आहे किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा घेतंय. नळी बदलली की गाडी ठीक. उलट आयडलला सगळं छान आणि चढावर ट्रिम वर वर जातोय, तर पेट्रोल कमी पोचतंय: टाकीतला पंप, फिल्टर किंवा चोक झालेले इंजेक्टर. पी०१७१ कोड (मिश्रणात इंधन कमी) या दोन्हींत येऊ शकतो. नुसता कोड वाचून भाग बदलणारा मेकॅनिक म्हणूनच चुकतो.

इथे ई-२० ची (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) गोष्ट ध्यानात ठेवा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या दहा टक्के इथेनॉलच्या हिशेबाने बनल्या आहेत. वीस टक्क्यांच्या पेट्रोलला हवेच्या प्रमाणात साधारण चार टक्के जास्त इंधन लागतं, त्यामुळे अशा गाडीत ट्रिम चारेक अंकांनी वर असेल तर घाबरू नका. पंधरा-वीसचं खापर मात्र इथेनॉलवर फोडता येत नाही. गाडी पावसाळाभर उभी राहिलेली असेल तर इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की ते थर होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. अशा गाडीची टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

ट्रायल मारताना चौकापर्यंत जाऊन परत येणं निरुपयोगी आहे. आधी नवी पेठ, सात रस्ता या भागात गर्दीत चालवा, एसी लावून. दुसऱ्या गिअरमध्ये सोडलेला पाय पुन्हा हलकेच ठेवताना झटका बसतो का बघा. तिथे बसला आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी चालली, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) काजळी धरली असावी. ती साफ करून आयडल पुन्हा शिकवावं लागतं, स्वस्त काम. मग तुळजापूर रस्त्याला लागा. हिप्परगा तलाव मागे पडला की रस्ता मोकळा मिळतो. पुढे-मागे वाहन नाही हे बघून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वर या आणि पाय पूर्ण दाबा, काटा चार हजारांपर्यंत (डिझेलला साडेतीन हजारांपर्यंत) जाऊ द्या. मग तेच चौथ्या गिअरमध्ये, ताशी ५० वरून. वेळ असेल तर तुळजापूरच्या घाटापर्यंत जाच. सपाटीवर लपलेलं मिसिंग घाटात चार माणसं बसवून आणि एसी लावून वर चढताना लपत नाही. जास्त लोड म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त दाब, आणि जास्त दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज तयार करणारी कमजोर कॉइल तिथे हार मानते. पाय पूर्ण दाबलेला असताना मॅपचा आकडाही सोबतच्या माणसाला बघायला सांगा. तो ९० च्या वर गेला नाही, तर एअर फिल्टर किंवा थ्रॉटल हवा अडवतोय. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडून बघितल्याशिवाय राहू नका.

परतल्यावर गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभी ठेवा, चहा घ्या, आणि पुन्हा चालू करा. इंजिनची उष्णता या वेळात कॉइल, क्रँक सेन्सर आणि पेट्रोलच्या रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) मुरते. सकाळी गुणी वाटलेली गाडी आता चालू व्हायला वेळ घेत असेल किंवा पहिल्या शंभर मीटरमध्ये झटके देत असेल, तर हे भाग संशयात. टाकीतला पंपही विसरू नका. तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर चालवलेल्या गाडीचा पंप आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर थकतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत रेलवर ३ ते ४ बार दाब हवा आणि पाय दाबल्यावर तो पडता कामा नये.

मालक तयार असेल तर प्लग काढून बघा. छोट्या गाडीत पंधरा मिनिटांचं काम आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पांढरं आणि फोड आलेलं म्हणजे मिश्रण पातळ. मग प्लग उजेडात धरून पांढऱ्या चिनी मातीवर नख फिरवा. उभी, केसासारखी काळी रेघ दिसली आणि ती पुसली जात नसेल, तर ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरून पळते आहे. कॉइलच्या रबरी टोपीतही तिची जोडीदार रेघ सापडते. अशा वेळी प्लग आणि टोपी दोन्ही बदलावी लागतात, नुसता प्लग घातला तर ठिणगी पुन्हा तीच वाट धरते. एकाच सिलिंडरचा कोड असेल, समजा पी०३०२, तर दोन नंबरची कॉइल तीनवर घाला. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली आहे. तो दोनवरच राहिला तर प्लग बदलून बघा, आणि तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

सीएनजी गाडीला हे सगळं दोनदा करावं लागतं, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर. फक्त गॅसवर अडखळते, तर प्लग, कॉइल, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर. गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून प्लगची गॅप ०.७-०.८ मिलिमीटर ठेवतात. फक्त पेट्रोलवर अडखळते, तर वर्षानुवर्षं न वापरलेले इंजेक्टर चिकटले आहेत. दोन्हींवर अडखळते, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि शेवटी जळतो. सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून पाच-सहा वेळा क्रँक करा (स्टार्टरने इंजिन फिरवा). १७०-२०० पीएसआय चांगलं. आकड्यांत पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत नको. जो कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) आणि आरसीवर सीएनजीची नोंद, हे कागदही त्याच वेळी बघून घ्या.

डिझेलला धूर सगळं सांगतो. ट्रायलच्या वेळी एक जण मागच्या गाडीतून धुरावर नजर ठेवू द्या. गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते, म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय: टर्बोपासून इंटरकूलरकडे (हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा रबरी पाइप फाटलाय, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा टर्बोच गेलाय. त्या पाइपच्या क्लॅम्पजवळ ताजं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर चीर तिथेच शोधा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचतंय: फिल्टर, हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, नाहीतर गाडी लिम्प मोडमध्ये (बचावासाठी ताकद कमी करणाऱ्या अवस्थेत) गेली आहे. स्कॅनरवर रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवून चालवा. आयडलला साधारण २५०-३५० बार असतो. पाय दाबल्यावर दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले पाहिजेत. मागणी १२०० ची आणि मिळतात ८००, तर आधी फिल्टर बदलायला सांगा, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं, तर तो इंजेक्टर गेला.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. भकाभका धूर येत असेल आणि झाकण उडत असेल, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. इंजिन कामाला आलंय. ती गाडी सोडा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बघावा लागतो. शहरातल्या शहरात फिरलेल्या गाडीत तो काजळीने भरतो आणि गाडीची ताकद कमी केली जाते.

एक इशारा आपल्या जिल्ह्यापुरता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा नदीकाठी बरीच वाहनं पाण्यात होती. पाण्यातून निघालेली गाडी काही महिने ठीक चालते, मग कनेक्टरच्या पिना हिरवट होऊन कधी हा सेन्सर तर कधी तो बंद पडतो. अडखळण्याला काहीच नेम नसेल, कोड दर वेळी वेगळा येत असेल, तर ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचला, सीटचे बोल्ट तपासा आणि सीट बेल्टचा पट्टा पूर्ण ओढून तळाकडचा भाग बघा. गाळाची रेघ दिसली तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

प्लग, कॉइल, फिल्टर, थ्रॉटल, व्हॅक्यूम नळी, फाटलेला टर्बो पाइप: कारण सिद्ध झालं असेल तर खर्च वजा करून गाडी घ्यायला माझी हरकत नाही. कमी कॉम्प्रेशन, कूलंट खाणारं हेड, बॅक कॉम्प्रेशन, पुराचं पाणी: इथे सौदा थांबवा. कारण सापडलंच नाही तरी थांबवा. दुरुस्ती मालकच करून देणार असेल तर टोकनच्या पावतीवर काम लिहून घ्या, जुने भाग ताब्यात मागा, आणि उरलेले पैसे देण्याआधी गाडी पुन्हा पन्नास-साठ किलोमीटर चालवून पेंडिंग कोड वाचा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर.